इथून पाच मिनिटं

विमानतळाजवळच्या आमच्या हॉटेलात एकदा जगभरातली हुशार माणसं तीन दिवस आली होती, शहरं कशी असावीत ते ठरवायला. आणि त्या तीन दिवसांत त्यांनी मुंबईत काय काय बघावं ते सांगायला हॉटेलने बसवलं कोणाला, तर मला. मी आठवी नापास. मरोळला राहते. गेटवे ऑफ इंडिया मी तेव्हापर्यंत फक्त बिस्किटांच्या डब्यावर बघितलेलं, तेही झाकण गंजलेलं असायचं म्हणून अर्धंच.

मी घाबरट आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं समजेल. लिफ्टमध्ये एकटी असली तरी घाबरते, कोणी आत आलं तरी घाबरते. चादरीवर सुरकुती राहिली असेल काय म्हणून चौथ्या मजल्यावरून परत सातव्यावर जाऊन बघून येते. आमच्या लिननच्या खोलीत एक मावशी आहे, चादरी-टॉवेल मोजून देते, ती बोलते, "तुझं लग्न कसं झालं गं? अंतरपाट बघूनच पळायला पाहिजे होतीस." मी बोलते, "मावशी, आमच्यात अंतरपाट नसतो." ती बोलते, "म्हणूनच बायको मिळाली त्याला."

तर झालं असं, की खाली लॉबीत टेबलावर बसून पाहुण्यांना फिरायचं सांगणारी जी मुलगी होती, फाडफाड इंग्लिशवाली, तिला ऐन वेळी चिकनगुनिया झाला. सुपरवायझर मॅडम सकाळी नऊला वर आल्या, मी बाथटब घासत होती, मला बघितलं आणि बोलल्या, "चल, साडी नेस." मला वाटलं कामावरून काढलं, जाताना तरी बरी दिस असं असेल. साडी हॉटेलची होती, पैठणीसारखी दिसणारी, निऱ्या शिवलेल्या, मागे चेन. नेसायची नाही, आत शिरायचं. नथ दाबाची. टेबलामागे बसवलं आणि मॅडम बोलल्या, "हसायचं. पुस्तक द्यायचं. कोणी काय विचारलं तर पुस्तकातलं पान दाखवायचं. तोंड उघडायचं नाही. कळलं?"

मी तोंड न उघडता मान हलवली.

"तीन दिवस एक पण तक्रार नाही आली ना, तर तुझं परमनंटचं मी पुढे पाठवते."

हे ऐकल्यावर मी नथ घट्ट दाबली आणि सरळ बसली. कारण परमनंट म्हणजे बाकीच्यांना काय असेल ते असो, मला परमनंट म्हणजे पाळणाघर. हॉटेलच्या मागच्या बाजूला, धुलाईखोलीच्या वर, कामवाल्यांच्या पोरांसाठी एक खोली आहे, भिंतीवर ससे काढलेत, आणि तिथे फक्त परमनंटवाल्यांचीच पोरं घेतात. माझी मुलगी साडेतीन वर्षांची. मी सकाळी सहाला निघते, नवरा मरोळच्या कारखान्यात शिफ्टला, घरात कोणी नाही, म्हणून ती गोवंडीला माझ्या सासूकडे असते. सासूला मी आत्या बोलते. मुलगी मला आठवड्यातून एक दिवस दिसते, सुट्टीच्या दिवशी. बाकी दिवस जेवणाच्या सुट्टीत फोन. ती विचारते, "आई, कधी येते?" मी बोलते, "हे काय, आली, पाच मिनिटांत." आणि फोन ठेवून जेवते.

आता त्या पुस्तकाचं सांगते. गुळगुळीत कागद, वास पण चांगला. मी इंग्लिश अक्षर-अक्षर जोडून वाचते, एका पानाला एक डबा खाऊन होतो. तरी पहिल्या दिवशी कोणी फिरकलंच नाही म्हणून मी सगळं वाचलं. त्यात लिहिलेलं, उघड्यावरचं खाऊ नका. नळाचं पाणी पिऊ नका. रिक्षात बसू नका, हॉटेलची गाडी मागवा. एकटं चालू नका. ओळख नसलेल्या माणसांशी बोलू नका. म्हणजे माझ्यासारख्यांपासून लांब राहा असं लिहिलेलं पुस्तक, मीच, हसून हसून वाटायला बसलेली.

मागे नकाशा होता. त्यात आधी मी आमचं घर शोधलं, कोण नाही शोधणार? मरोळवर विमानाचं चित्र छापलेलं. विमानाच्या शेपटीखाली कुठेतरी आम्ही असणार. मग गोवंडी शोधली. तर गोवंडीच्या जागेवर एक पांढरी चौकट होती आणि तिच्यात लिहिलेलं, कुठला रंग म्हणजे बाग, कुठला रंग म्हणजे म्युझियम. माझी मुलगी त्या चौकटीखाली.

आणि हे लोक जमले कशाला होते? तर एका वेटरने मावशीला सांगितलं, मावशीने मला. असं शहर बनवायचं की माणसाला सगळं चालत पंधरा मिनिटांत मिळालं पाहिजे. शाळा, दवाखाना, बाजार, काम, सगळं.

मावशी बोलली, "पंधरा मिनिटांत? मला सकाळी संडासच्या लाईनीत पाऊण तास जातो."

मी बोलली, "त्याचं पण करतील काहीतरी."

"करतील ना. लाईनीत बसायला बाकडी देतील."

हॉटेलच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे, एक मोठं जेवणाचं हॉटेल आहे. आमच्या दारातून त्याचे दिवे दिसतात. पण मध्ये डिव्हायडर, फुटपाथवर खोदकाम, आणि पुस्तकात लिहिलेलं चालू नका. म्हणून ही चालायच्या शहराची माणसं रात्री जेवायला आमच्या गाडीतून जायची. गाडी सिग्नलपर्यंत जायची, वळायची, परत यायची. गेटवरचा वॉचमन घड्याळ लावून बसायचा. बोलायचा, "पंधरा मिनिटं. जमतंय की यांना."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत, एक म्हातारी बाई माझ्या टेबलाशी आली. पांढरे केस, बारीक कापलेले, पायात सपाट बूट, हातात चामड्याच्या पट्ट्याचं जुनं घड्याळ. मी हसली. पुस्तक दिलं. तिने ते घेऊन बाजूला ठेवलं आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. त्या मोबाईलमध्ये काहीतरी होतं, ती तिच्या भाषेत बोलली की मोबाईल मराठीत बोलायचा. आणि काय मराठी! आमच्या शाळेतल्या बाई पण अशी नाही बोलायच्या.

मोबाईल बोलला, "नमस्कार. आपण स्वतः सुट्टीच्या दिवशी कोठे पर्यटनास जाता, हे कृपया सांगावे."

मी पान दाखवलं. गेटवे. ती मानेने नाही बोलली आणि बोट माझ्यावर ठेवलं. तू. तू कुठे जातेस?

आता काय सांगू? मी सुट्टीला गोवंडीला जाते, दोन बस बदलून, वाटेत कचऱ्याचा डोंगर लागतो. ते सांगू? आणि गप्प तरी कशी बसू? आमच्या आईने आम्हाला मारून मारून शिकवलंय, कोणी रस्ता विचारला तर माहीत नाही बोलायचं नाही, ते तहानलेल्याला पाणी नाही बोलण्यासारखं आहे. आमच्या गल्लीत कोणीच बोलत नाही माहीत नाही. पत्ता माहीत नसेल तरी हात करून दाखवतात, पुढे जा, डावीकडे विचारा. माणूस तेवढा तरी पुढे जातो.

तर माझ्या तोंडातून निघालं, मनोरी.

मी मनोरीला गेलेली आहे, खरंच गेलेली आहे, लहानपणी. माझी आई तिकडच्या बंगल्यांची साफसफाई करायला जायची, शनिवारी लोक राहायला यायचे त्याच्या आधी फरशा पुसायच्या, आणि मला सोबत न्यायची. माझ्या जन्मातलं फिरणं म्हणजे तेवढंच, आई पुसायची आणि मी व्हरांड्यात पाय सोडून बसायची. मग मी त्या मोबाईलला सगळं सांगितलं. मार्वेवरून होडी सुटते. पलीकडे वाळू, माड, काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, वास येतो पण दोन मिनिटांत सवय होते. हॉर्न ऐकू येत नाही. मी बोलतच सुटली, तोंड उघडायचं नव्हतं हे पार विसरली. मोबाईल तिला तिच्या भाषेत सांगत होता आणि ती बाई अशी हसायला लागली, जशी तीच लहान असताना तिकडे गेलेली.

मग मोबाईल बोलला, "तेथे पोहोचण्यास किती अवधी लागतो?"

मी बोलली, "हे काय, पाच मिनिटं."

तिने घड्याळ बघितलं. माझा हात दाबला. आणि गेली. गेटच्या बाहेर जाऊन, पुस्तकात नको लिहिलेल्या रिक्षात बसली.

मला काही म्हणजे काही वाटलं नाही त्या वेळी. आमच्याकडे पाच मिनिटं कोणी मोजतं का? डॉक्टर पाच मिनिटांत येतो, पाणी पाच मिनिटांत येतं, नवरा फोनवर बोलतो पाच मिनिटांवर आहे आणि मागे त्याच्या कारखान्याचा भोंगा ऐकू येतो. पाच मिनिटं म्हणजे घाबरू नकोस, होईल. मी मनोरीला जायची तेव्हा आई पहिल्या बसमध्ये बोलायची आलंच पाच मिनिटं, दुसऱ्या बसमध्ये पण, तिसऱ्या बसमध्ये पण. मी तसंच शिकली.

अडीच वाजता सूट घातलेला, गळ्यात पट्टा अडकवलेला एक माणूस लॉबीत धावत आला. त्याच्या मागे आमच्या मॅडम. त्या पांढऱ्या केसांच्या मॅडमना कोणी बघितलं का? चारला आजचं शेवटचं भाषण त्यांचंच आहे, त्याच मोठ्या पाहुण्या, फोन लागत नाही.

मी हसली. तेवढंच सांगितलेलं. आणि बाथरूमला जाते असा हात करून लिननच्या खोलीत पळाली.

"मावशी, वाट लागली."

"काय फोडलंस?"

"एक बाई मनोरीला पाठवली."

मावशीने टॉवेल खाली ठेवले. "मनोरी? मनोरी काय मरोळच्या खिशात ठेवलीय? अंधेरी येणार, मालाड येणार, मार्वे येणार, मग होडी. तिला किती वेळ सांगितलास?"

"पाच मिनिटं."

"अगं ए! घड्याळ घालणाऱ्या बाईला?"

मी रडायला लागली. शिवलेल्या साडीत खाली बसता पण येत नाही, चेन टोचते, म्हणून उभीच रडली. ओहोटी असेल तर होडी लांब थांबते, चिखलातून चालावं लागतं, ती पडली तर? एकटीच आहे. हरवली तर? पोलीस येणार, विचारणार कोणी पाठवली, नथवाली बाई. तक्रार काय, अख्ख्या पेपरात फोटो. आणि त्या सशांच्या भिंती माझ्या डोळ्यासमोरून पुसल्या जात होत्या एकेक करून.

मावशी बोलली, "गप्प बस. कोणाला माहीत नाही. ती आली तर आली."

गप्प बसली असती तर माझं काहीच गेलं नसतं. मी विचार पण केला तसा, खोटं कशाला सांगू. पण ती बाई पाण्यात उभी आहे असंच दिसायला लागलं. आणि मला वाटलं माझी मुलगी जर कोणाच्या सांगण्यावरून कुठे गेली आणि सांगणारी गप्प बसली तर? मी नाक पुसलं, नथ पडली, ती हातात घेऊनच वर आली आणि मॅडमना सांगितलं.

मॅडमना पहिले कळलंच नाही. मग कळलं.

"तुला तोंड उघडायचं नाही सांगितलं होतं ना?"

"हो मॅडम."

"आणि उघडलंस तर उघडलंस, मनोरी? गेटवे मेलं होतं का?"

"मी गेटवे बघितलं नाही मॅडम."

त्यांनी कपाळावर हात मारला. मग ओरडल्या, गाडी काढा, मार्वेला पाठवा. गाडी निघाली. चारला ड्रायव्हरचा फोन आला की तो अंधेरीच्या पुलावर आहे, आता पोचतोच, पाच मिनिटं. मॅडमनी तो फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे बघितलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

वर हॉलमध्ये लोकांना परत चहा दिला. मग मुंबईची फिल्म लावली. मग परत चहा.

चार पस्तीसला गेटवर वॉचमनचा आवाज आला, रिक्षा आत नाही, रिक्षा आत नाही! आणि ती बाई चालत आली. पँट गुडघ्यापर्यंत ओली, बुटांत वाळू, गाल लाल, हातात पेपरात गुंडाळलेले सुके बोंबील. आमच्या लॉबीत रोज लिंबाचा सुगंध फवारतात. तो बोंबलांसमोर एक मिनिट टिकला नाही.

ती सरळ माझ्याकडे आली. मी हात जोडले. तिने मोबाईल काढला, स्क्रीनवर चिखल, तो पुसला.

मोबाईल बोलला, "आपली पाच मिनिटे म्हणजे एक तास चाळीस मिनिटे होती."

मी बोलली, "सॉरी."

"मी मार्गात सर्वांना विचारले. अंधेरीस पाच मिनिटे. मालाड येथेही पाच मिनिटे. धक्क्यावरही पाच मिनिटे. केवळ नावाड्याने सत्य सांगितले."

होडीला खरंच पाचच मिनिटं लागतात.

"परतताना मी विचारण्याची पद्धत बदलली," मोबाईल बोलला. "मी विचारले, घड्याळाची पाच मिनिटे की आपली?"

आणि ती हसत हसत लिफ्टकडे गेली, वाळू सांडत. मॅडमनी मला धरून हॉलच्या दारात उभं केलं, भाषण झालं की तुझ्याशी बोलते बोलल्या. ती बाई तशीच ओल्या पँटीत स्टेजवर चढली. काय बोलली मला कळलं नाही, मला फक्त फाईव्ह मिनिट्स, फाईव्ह मिनिट्स एवढंच कळत होतं, परत परत, माईकवरून. मी भिंत धरली. मला वाटलं बघ, अख्ख्या जगासमोर माझी तक्रार करतेय. मग सगळे हसायला लागले, टाळ्या वाजवायला लागले, आणि चहाचे कप उचलणाऱ्या त्या वेटरने मला सांगितलं. ती बोलली होती, आपण पंधरा मिनिटांचं शहर बनवायला इतकी वर्षं डोकं फोडतोय, आणि इथल्या लोकांनी काही न हलवता, एक रस्ता न बांधता, पाच मिनिटांचं शहर कधीच बनवून टाकलंय.

टाळ्या पडल्या म्हणून मॅडम माझ्याशी काही बोलल्याच नाहीत. "नशीब तुझं" एवढंच. तिसऱ्या दिवशी टेबलावर दुसरी मुलगी आली, माझी साडी तिला झाली नाही, पिना लावल्या. मी परत बाथटबला. पुढच्या वेळी पुस्तक नवीन छापलं त्यात मनोरी होती, होडीचा फोटो, हॉटेलची गाडी, डब्यात सँडविच. अंतर लिहिलेलं, जवळ.

आणि माझं परमनंट? ऑफिसच्या खिडकीत साहेब बसतात, त्यांना पहिल्यांदा विचारलं तर बोलले, "होईल, पाच मिनिटांचं काम आहे." मी थँक्यू बोलून आली. पंधरा दिवसांनी परत विचारलं. पाच मिनिटांचं काम. थँक्यू. असं करता करता दिवाळी गेली, थंडी आली. मी सात वेळा विचारलं, सात वेळा थँक्यू बोलली.

मग एका दुपारी मी फोन केला, मुलगी नेहमीसारखी बोलली कधी येते, मी नेहमीसारखी बोलली पाच मिनिटांत. फोन आत्याने घेतला. बोलली, "एक सांगू का? असं नको बोलत जाऊ तिला."

"का? काय झालं?"

"तुझा फोन ठेवला की चप्पल घालते आणि उंबऱ्यात बसते. उठत नाही. तिथेच झोपते, मग मी उचलून आत आणते."

"आज?"

"रोज. तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोलली."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी तशीच उष्ट्या हाताने ऑफिसच्या खिडकीत गेली. साहेब जेवून दात कोरत होते.

"साहेब, माझं परमनंटचं?"

"सांगितलं ना, पाच मिनिटांचं..."

"घड्याळातली पाच मिनिटं का आपली?"

माझा आवाज असा निघाला की मीच घाबरली. साहेबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खण उघडला, चिंचेच्या गोळ्या बाजूला केल्या, स्टेपलर बाजूला केला, आणि खालून परमनंटचं एक कार्ड काढलं. माझा फोटो. सही झालेली. त्या परदेशी लोकांच्या आठवड्यातलीच सही.

"हे तर इथेच आहे," साहेब बोलले. "न्यायचं ना."

"मी सात वेळा विचारलं साहेब."

"कधी होईल असं विचारलंस. झालंय का, असं कुठे विचारलंस?"

मी थँक्यू बोलली. सवय आहे. मॅडमना सांगितलं, मॅडमनी पाळणाघराच्या वहीत नाव घातलं आणि हाफ डे दिला. गेटवरूनच मी आत्याला फोन लावला.

"जय भीम आत्या, तिचे कपडे भरा. न्यायला येते." मग मुलीला फोन दिला.

"आई, कधी येते?"

मी वॉचमनच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं. बस मिळायची, बदलायची, मग आत गल्लीत चालायचं. आयुष्यात पहिल्यांदा नीट हिशोब केला.

"दीड तास लागेल बाळा."

"म्हणजे किती?"

"म्हणजे... जेव, झोप, उठलीस की मी आलेली असेन."

ती मग रडायलाच लागली. "नको, नको, दीड तास नको. पाच मिनिटांतच ये."